तेरा फ्रेम मागे

सोमवार, ४ मार्च

बायकोने ही वही आणून हातात दिली. म्हणाली, "मनात येईल ते यात लिहीत जा. म्हणजे मला ऐकावं लागणार नाही." बावीस वर्षांच्या संसारानंतर कोणीही सुटकेची एवढी अपेक्षा ठेवेलच. मी रागावलो नाही. शाळेत गुरुजींनीही मला असंच शेवटच्या बाकावर बसवून हातात पाटी दिली होती.

नवं काम आलं आहे. पोहायला शिकवणाऱ्या बाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होतात. तीन हजार मुलांना त्यांनी पाण्यात ढकललं आणि तीन हजार जिवंत बाहेर काढली. आता त्या मुलांची पोटं सुटली आहेत, त्यांनी एक समिती केली आहे, आणि बाईंवर फिल्म करायची आहे. त्रेसष्ट जण आपापल्या फोनवर आठवणी बोलून पाठवणार. शिवाय बाईंची मुलाखत आम्ही मागच्याच आठवड्यात तलावाच्या काठावर घेतली, चाळीस मिनिटांची. चोवीस तारखेला तिथेच पडदा लावून दाखवायची आहे.

आमचं दुकान म्हणजे सायकल दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं, आतल्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही दोघं साडू. पाटीवर लिहिलंय 'चित्र आणि ध्वनी'. अकरा वर्षं चित्र माझं, ध्वनी साडूंचा. कोणता माइक वापरलाय हे ते नुसतं ऐकून सांगायचे, इतका पक्का कान.

पण वर्षभरात माणूस बदलला. हळूहळू चित्राचं काम त्यांनीच घेतलं आणि आवाजाचं आलं की "ते तुम्ही बघा." दिवसभर डोक्यावर हेडफोन. हाक मारली तर ओ नाही. मध्यंतरी फर्मान निघालं, "तोंडी काही सांगू नका, चिठ्ठी चिकटवत जा." आता आम्ही दोघं सहा फुटांवर बसून पिवळ्या चिठ्ठ्यांनी बोलतो. फोन वाजला तर तो मीच घ्यायचा. टेबलसुद्धा फिरवून दाराकडे तोंड करून घेतलंय, जणू मी काही उचलून नेणार आहे.

गेल्या आठवड्यात तर कहर. म्हणाले, "साडभाऊ, ती मिशी काढा की. डब्यावर झाकण ठेवल्यासारखी दिसते."

एकोणिसाव्या वर्षापासून ठेवलेली मिशी आहे. वरचा ओठ मी स्वतः तीस वर्षं पाहिलेला नाही. वडिलांची अशीच होती. देवासमोर बसलो तेव्हा तक्रार नोंदवली.


मंगळवार, ५ मार्च

दुपारी मेहुणी साडूंचा डबा घेऊन आली. आत आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ते मान वर करून बघेपर्यंत थांबली, मग सावकाश म्हणाली, "गरम आहे, लगेच खा." लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी काय हे प्रेम! मला गहिवरून आलं.

घरी आल्यावर मीही बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय पाडलंत?" ती म्हणाली.


बुधवार, ६ मार्च

दोन दिवस येत होत्या, आज सगळ्या त्रेसष्ट जणांच्या फाइली आल्या. पण नावं बघवेनात. फोन काय नाव देतो? चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. तुरुंगातल्या कैद्यासारखे. आमचे गुरुजी म्हणायचे, नाव नसलेली वस्तू हरवलेलीच समजा. त्यांच्या स्मरणाने सकाळी बसलो आणि एकेका फाइलला माणसासारखं नाव दिलं. 'पोलीस, रडके'. 'जुळ्यांपैकी बोलकी'. 'खाटीक, आवाज गोड'. 'समितीचे अध्यक्ष, घसा खाकरतात'. एका महाभागाने कॅमेरा खाली धरून नुसता स्वतःचा पायाचा अंगठाच चाळीस सेकंद घेतलाय आणि मागून विचारतोय, "चालू झालं का?" त्याचं नाव 'अंगठा'.

प्रत्येकाच्या फाइली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पसरल्या होत्या, त्याही एका फोल्डरमध्ये आणून गुण्यागोविंदाने ठेवल्या. साडूंना चिठ्ठी लावली नाही. म्हटलं, उद्या बघतील तेव्हा आनंद होईल. फार दिवसांनी काही पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.


गुरुवार, ७ मार्च

आनंद झाला नाही.

साडूंनी दोन दिवस खपून अर्धी फिल्म आधीच जुळवून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. सकाळी उघडली तर सगळा पडदा लालभडक आणि त्यावर लिहिलेलं, 'मीडिया ऑफलाइन'. पोलीस नाही, खाटीक नाही, जुळी नाहीत. त्रेसष्ट माणसं एका रात्रीत परागंदा.

माझ्या पडद्यावर चिठ्ठी आली: 'कोणी केलं?'

मी लिहिलं: 'देवाची करणी.'

त्यावर दुसरी आली: 'देवाला पासवर्ड माहीत नाही.'

मग कळलं ते असं. एडिटिंगच्या या प्रोग्रॅमच्या पोटात चित्र नसतंच. त्याच्याकडे फक्त पत्ते असतात. अमुक फोल्डर, अमुक नाव, तिथून इतकी सेकंदं आण. आपण नाव बदललं, घर बदललं की तो पोस्टमनसारखा जुन्या दारात उभा राहतो आणि कोणी दार उघडत नाही म्हणून लाल होतो. बिचारी माणसं तिथेच असतात, बाजूच्या खोलीत, नव्या नावांनी. गुरुजींचं वाक्य बरोबर होतं, फक्त या यंत्राला उलटं लागू होतं.

आता याला हाताला धरून प्रत्येक दार दाखवायचं. त्याला रीलिंक म्हणतात. मी म्हटलं, सोपं आहे, जुनी नावं परत देतो. माझ्याकडे यादी होती. दिली. पण आधी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे कळलं नव्हतं की अकरा जणांच्या फोनांनी अगदी एकच नाव दिलंय. आता सगळे एका खोलीत आले आणि नावापुढे कंस घालून एक, दोन करत बसले. प्रोग्रॅमने काय करावं? पहिला जो दिसला तो उचलला.

दंतवैद्यांच्या नावाखाली खाटीक बोलू लागला. जुळ्यांपैकी बोलकीच्या जागी पोलीस रडू लागला. आणि 'समितीचे अध्यक्ष' अशी सुरेख पट्टी, तिच्या वर अंगठा.

मी हसलो. साडूही खो खो हसले. मग आठवण झाल्यासारखा हेडफोन चढवला.


शनिवार, ९ मार्च

दोन दिवस नुसतं माणसं घरी पोचवत होतो. एकेक फाइल उघडायची, तोंड बघायचं, पत्ता द्यायचा. देवाने सृष्टी केली तेव्हा जुनी प्रत बाजूला ठेवली होती की नाही, हा विचार आज ध्यानात वारंवार येत होता. ठेवली असेल तर ती परत लावायला हरकत नाही, असंही वाटून गेलं.

अध्यक्ष तीनदा जागेवर बसवले. तीनदा अंगठा परत आला. मागच्या जन्मीचं काहीतरी असावं.


सोमवार, ११ मार्च

आता दुसरं दुखणं. फिल्म चालता चालता अडखळते. साडूंचं म्हणणं, प्रत्येक फोनची घडण वेगळी, सगळ्या फाइली एका साच्यात बदलून घ्या. याला ट्रान्सकोड म्हणतात. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा गणवेश शिवायचा. हे काम माझ्याकडे आलं, कारण यात फक्त बसून टक्के बघायचे असतात.

टक्के वाढताना बघणं ही साधना आहे. अडतीसवर चाळीस मिनिटं थांबलं. मी डोळे मिटून नाम घेतलं. उघडले तर सदतीस.


बुधवार, १३ मार्च

गणवेश शिवून झाले, बाईंची मुलाखत सोडून फिल्म जोडून झाली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मी नेहमी डोळे मिटून ऐकतो, गावात मोठी माणसं बोलताना तसंच ऐकायची सवय. बोलणं स्वच्छ, सगळं बरोबर. साडूंना चिठ्ठी लावली: 'उत्तम.'

त्यांनी एकदा पाहिली. उठून माझ्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली: 'पोलीस, शेवटचं मिनिट. आवाज तेरा फ्रेम मागे.'

एका सेकंदात पंचवीस चित्रं पडद्यावरून पळतात, त्यातल्या एकाला फ्रेम म्हणतात. तेरा फ्रेम म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. मी म्हटलं, "काहीतरीच! मी आत्ता ऐकलं."

ते हेडफोन न काढता म्हणाले, "बघा."

बघितलं. पहिल्या वाक्याला ओठ आणि शब्द एकत्र. पुढे पुढे शब्द लंगडू लागले. शेवटी पोलिसाने तोंड मिटलं, डोळे पुसले, आणि मग आवाज आला, "बाई, तुमच्यामुळे मी आहे." भूत बोलल्यासारखं.

चूक माझीच. फोनवाले सेकंदाला कधी तीस चित्रं घेतात, उजेड कमी झाला की चोवीस. मी सगळ्यांना जबरदस्तीने पंचवीसच्या रांगेत उभं केलं. चित्रं रांगेत उभी राहिली, आवाज आपल्याच चालीने चालत राहिला.

सगळं पुन्हा करायचं. या वेळी साडूंनी आवाज वेगळ्या फाइलींत काढायला लावले, चित्रं वेगळ्या. पण मला आश्चर्य वाटतं ते निराळंच. त्रेसष्ट माणसांचे त्यांनी असे फ्रेम मोजून सांगितले. खाटीक सात. जुळी चार. पूर्वी त्यांचा कान तीक्ष्ण होता, आता तर गिधाडाचा झालाय. आणि एवढा कान असलेला माणूस मी हाक मारली की या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो. गर्व, दुसरं काय.


शुक्रवार, १५ मार्च

आज जे झालं ते लिहितो, पण माझी बाजू बरोबर आहे.

बाईंच्या मुलाखतीला हात घातला. फिल्मचा कणा तो. लावली आणि डोळे मिटले. बाईंच्या मागे सबंध चाळीस मिनिटं घरघर. तलावाचं पाणी गाळायचा पंप चालू होता. भुंगा डब्यात कोंडावा तसा. त्या दिवशी आवाजाकडे साडू होते! हेडफोन लावून, यंत्राचा हिरवा काटा बघत, मान डोलवत उभे होते. मी मुलाखत घेत होतो, मला बाईंपुढे पंप ऐकू आला नाही. पण त्यांना?

पुन्हा मुलाखत घेता येत नाही. बाईंनी साफ सांगितलंय, एकदा बोलले ते बोलले, मी काय पोपट आहे?

मी उठलो, त्यांच्या टेबलासमोर गेलो आणि ओरडलो, "घरघर ऐकू आली नाही? बहिरे आहात का तुम्ही?"

त्याच वेळी मेहुणी दारात, हातात डबा. तिने डबा जमिनीवर ठेवला आणि जिना उतरून गेली. आता यात तिला एवढं लागण्यासारखं काय होतं? शंभर वेळा आपण म्हणतो, आंधळा आहेस का, बहिरा आहेस का. मला तर बायको रोज सकाळी दोन्ही म्हणते.

साडूंनी चिठ्ठी लिहिली, पण चिकटवली नाही. हातात दिली.

'ही फिल्म झाली की मी थांबतो. दुकान तुम्ही बघा.'

अकरा वर्षं. घडी करून वहीत ठेवली आहे.


शनिवार, १६ मार्च

बायको बोलत नाही. कारण विचारलं तर, "बहिणीला विचारा." मेहुणीला फोन केला, तिने उचलला नाही. देवासमोर बसलो, तिथेही आज कोणी ओ दिली नाही. सगळ्यांनी हेडफोन लावलेत.

साडू गेल्यावर पाटीचं काय करायचं? 'चित्र आणि'?


सोमवार, १८ मार्च

आज मी त्यांना रंगेहाथ पकडलं.

पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं म्हणून वाकलो. साडू वर बसून काम करत होते, हेडफोन डोक्यावर, मान हलत होती. आणि खाली हेडफोनच्या वायरीचं टोक जमिनीवर पडलेलं. कशातच खोचलेलं नाही! त्यावर धूळ बसलेली. चांगली महिन्यांची धूळ, बोटाने पुसली तर वळी निघाली.

म्हणजे हा माणूस इतके दिवस काहीच ऐकत नव्हता. नुसतं नाटक. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून डोक्यावर मोकळा हेडफोन घालून बसायचं! दाराकडे तोंड, चिठ्ठ्या, सगळं त्यासाठीच. मी टोपण घेऊन वर आलो. ते माझ्याकडे बघून हसले. मी हसलो नाही.

घरी जाऊन बायकोला सांगणार आहे. वही बाजूला ठेवतो, हे तोंडानेच सांगायचं.


तोच दिवस, जेवणानंतर

सांगितलं. हात नाचवून सांगितलं. धुळीची वळी कशी निघाली तेही.

तिने पोळी ताटात ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी गुरुजी माझ्या पाटीकडे बघायचे.

"तुम्हाला खरंच कळलेलं नाही?"

"काय कळायचंय?"

"अहो, त्यांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. उजवा गेलाच आहे, डावा जातोय. ओठ बघून बोलतात ते. आणि तुमच्या तोंडावर ते छप्पर!"

मी घास तसाच धरून बसलो. मग विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, बहिणीला, मुलांना. खालच्या सायकलवाल्याला. तो वर येताना जिन्यावर पाय आपटतो ते कशाला असं वाटतं तुम्हाला? हादरा लागतो त्यांना. बाईंनी तर पहिल्याच दिवशी ओळखलं."

"आणि मला?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, ध्वनीच्या पाटीखाली बसतो मी, कोणत्या तोंडाने सांगू? आणि तुमच्या पोटात काही राहतं का? आधी देवाला सांगाल आणि मग दुकानात येईल त्याला."

हे खोटं नाही.


मंगळवार, १९ मार्च

दुकानात गेलो नाही. पोट बिघडल्याचा निरोप दिला.

ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. डबा, खांदा, टेबल, मिशी, तेरा फ्रेम. माझ्या वहीत होतं, मलाच दिसलं नाही. पत्ता होता, दार होतं, पडदा लाल.

देवाला म्हटलं, मला एवढे चांगले कान दिलेस, ते काय चष्मा अडकवायला?


गुरुवार, २१ मार्च

काल दिवसभर घरघर काढण्याचा प्रयत्न करून पाहिला. भुंगा गेला की बाईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ होतो. बाई ठेवल्या की भुंगा राहतो. कान आहे, पण कुठे हात घालायचा कळत नाही.

आज सकाळी साडूंच्या टेबलासमोर जाऊन बसलो. दिवा माझ्या तोंडावर येईल असा वळवला. चिठ्ठी घेतली नाही. दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि सावकाश म्हटलं, "घरघर दोघांनी मिळून काढू या."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"कोणी सांगितलं?"

"बायकोने."

"कधी?"

"सोमवारी."

"बरंच लवकर कळलं म्हणायचं तुम्हाला." मग म्हणाले, "देवाला सांगितलंत?"

मिशी सुटली होती, पुन्हा उचलली. "त्याला आधीच माहीत होतं. त्यानेही मला सांगितलं नाही."

तेव्हा हसले.

आवाजाचंही चित्र असतं, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी पडद्यावर उघडलं. बाईंचं बोलणं डोंगरांसारखं, उजळ, वरखाली. आणि तळाशी एक सरळ पिवळी रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोणी पट्टीने आखल्यासारखी. तोच पंप. त्याच्या वर अंतराअंतराने आणखी फिक्या रेघा, त्याची पिलावळ. मी काल सबंध डोंगर खणत होतो. साडू एकेक रेघ बारीक कात्रीने कापावी तशी पुसत गेले.

पण किती पुसायचं ते त्यांना कळेना, आणि मला ते सांगता येईना, कारण मी डोळे मिटून ऐकणार आणि ते पडद्याकडे बघणार. मग ठरलं. मी हेडफोन घातला, वायर खोचली, डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. एक थाप म्हणजे अजून. दोन म्हणजे पुरे, बाई पातळ झाल्या. दहाला बसलो ते चारला उठलो. मध्ये मेहुणी डबा घेऊन आली. मी डोळे मिटून त्यांच्या पाठीवर तबला वाजवतोय असं तिला दिसलं असणार. डबा या वेळी टेबलावर ठेवला, आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्यापुरतंही आहे."

आता फक्त बाई ऐकू येतात. मागे पाण्याचा बारीकसा आवाज आहे, तो मी ठेवायला लावला. दोन थापा.

निघताना म्हटलं, "मग चिठ्ठी फाडू?"

ते दिव्यासमोर नव्हते, मीही नव्हतो. पुन्हा मिशी उचलून विचारावं लागलं.

"नको," ते म्हणाले. "एक फिल्म तुमच्या मेहेरबानीने झाली. ध्वनीच्या दुकानात बहिरा माणूस किती दिवस सांभाळाल? चोवीसनंतर थांबतो."


रविवार, २४ मार्च

तलावाचा हॉल, पाण्यावर उजेड हलतोय, काठावर दोनशे खुर्च्या. बाई पहिल्या रांगेत, पायांत रबरी चपला. अध्यक्षांनी कोट घातला होता. फिल्म सुरू झाली. मी सवयीने डोळे मिटले. पोलीस बोलला, अगदी वेळेवर. मागे कोणीतरी नाक ओढलं. खाटीक, जुळी, दंतवैद्य. मग अध्यक्षांचा खाकरा आणि गंभीर आवाज, "बाईंनी मला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं."

आणि दोनशे माणसं एकदम हसली.

डोळे उघडले. पडद्यावर अंगठा. वीस फूट उंच, नखासकट. खाली सुरेख पट्टी, 'समितीचे अध्यक्ष'.

असं झालं होतं. आवाज आणि चित्रं वेगळी केली तेव्हा आवाज अध्यक्षांचा लागला आणि चित्र अंगठ्याचं. शेवटची तपासणी दोघांनी मिळून केली. मी डोळे मिटून ऐकत होतो, आवाज बरोबरच होता. साडू नेमके त्या वेळी खालच्या रेघा बघत होते. चित्राकडे कोणीच नव्हतं. मी साडूंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांना हसणं ऐकू आलं नसेल, पण दोनशे तोंडं उघडलेली दिसत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

बाई उठून उभ्या राहिल्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ओळखला! काठावर अकरा दिवस उभा होता हा अंगठा. उडी मारेना. बाराव्या दिवशी मी ढकलला."

अध्यक्ष लाल झाले. मग उभे राहिले, वाकले, बूट काढला, मोजा काढला आणि खरा अंगठा वर करून दाखवला. टाळ्या थांबेनात. तो पडद्यावरचा अंगठा त्यांचा नाहीच, हे आम्ही दोघं सोडून कोणालाही माहीत नाही. खरा मालक मागच्या रांगेत बायकोला सांगत होता, "माझ्यासारखाच आहे गं."

बाई जाताना साडूंच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. मी शेजारी होतो. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पाण्याखाली कोणालाच ऐकू येत नाही. तरी मुलं शिकतातच की."


सोमवार, २५ मार्च

सकाळी साबण लावला, आरशाकडे बघितलं, वडिलांची मनात माफी मागितली आणि वस्तरा फिरवला. खाली जे निघालं ते काही बघण्यासारखं नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून आली, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून परत गेली. आत बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज येत होते.

दुकानात साडू खण रिकामा करत होते. फूटपट्टी, गोंद, पिवळ्या चिठ्ठ्यांची अर्धी गड्डी, सगळं पिशवीत. मी जिन्यावर जोरात पाय आपटत गेलो. त्यांनी मान वर केली. हातातली गड्डी तशीच राहिली.

मी दिव्यासमोर उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, "काल चित्राकडे कोणी नव्हतं, म्हणून अंगठा आला. मला चित्राला माणूस पाहिजे. ध्वनी मी बघतो. पाटी तीच राहील."

त्यांनी एकही शब्द परत विचारला नाही. माझ्या ओठावर नजर ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं, रडतात की काय.

"साडभाऊ," ते म्हणाले, "मिशीच बरी होती."

मग पिशवीतून हेडफोन काढला, वायरीचं टोक शर्टाला पुसलं आणि माझ्या टेबलावर ठेवून त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

दुपारी पडद्यावर चिठ्ठी आली. समितीचे अध्यक्ष फिल्मच्या पन्नास प्रती मागतात. खाली साडूंच्या अक्षरात: 'अंगठा ठेवायला सांगितलाय.'

वरच्या ओठाला वारा लागतोय. सवय व्हायला वेळ लागेल.